सारसाच्या किल्ल्यातल्या बायका

 

आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका किल्ल्याची गोष्ट सांगणार आहोत. देश जपान. त्या देशाच्या उत्तरेकडच्या भागात फुकुशिमा नावाचा प्रांत आहे. तिथं चारी बाजूंनी डोंगर आणि मधे भाताची सपाट खाचरं असा एक मुलूख आहे. त्याचं नाव आइझु. हिवाळ्यात तिथं ढोपर-ढोपर बर्फ पडतं. या मुलखाचं मुख्य गाव आइझु-वाकामात्सु, आणि त्या गावात हा किल्ला. लोक त्याला त्सुरुगा-जो म्हणतात. त्सुरु म्हणजे सारस पक्षी आणि जो म्हणजे किल्ला. म्हणून आम्ही त्याला सारसाचा किल्ला म्हणतो.

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे उंच डोंगर येतो. हा किल्ला मात्र सपाटीवर, गावातच आहे. भोवती पाण्यानं भरलेले खंदक, त्यांच्या काठानं दगडी तटबंदी, आणि मधोमध उंच दगडी जोत्यावर पाच मजली मनोरा. भिंती पांढऱ्याशुभ्र, कौलं लाल. वसंतात आवारातली शेकडो चेरीची झाडं फुलतात, तेव्हा बघायला माणसांची रीघ लागते.

पण एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. हा देखणा मनोरा जुना नाहीच. तो 1965 साली सिमेंट-काँक्रीटमध्ये बांधलेला आहे. आत जिने आहेत आणि वस्तुसंग्रहालय आहे. मग या किल्ल्यातलं जुनं काय उरलं? कुणी राखलं? आणि जे उरलं त्यात बायकांचं काय आहे? हे शोधता शोधता आम्हाला जे कळलं, तेच आज सांगतो.

सुरुवातीपासून बघू. 1384 साली आशिना नावाच्या घराण्यातल्या नाओमोरी या सरदारानं इथं पहिली गढी बांधली असं मानतात. दोनशे वर्षं ती त्या घराण्याकडे राहिली. 1589 साली दाते मासामुने या शेजारच्या सरदारानं लढाई जिंकून ती घेतली. पण सगळ्या जपानवर हुकूम चालवणाऱ्या हिदेयोशीनं पुढच्याच वर्षी ती त्याच्याकडून काढली आणि गामो उजिसातो या आपल्या माणसाला दिली. उजिसातोनं गावाचं नाव वाकामात्सु ठेवलं, किल्ल्याला सारसाचं नाव दिलं आणि 1593 साली सात मजली मनोरा उभा केला.

तो सात मजली मनोरा आज नाही. पण त्याचं जोतं आहे. आज काँक्रीटचा मनोरा ज्या दगडांवर उभा आहे, ते उजिसातोच्या वेळचे दगड. चारशे वर्षांहून जुने. जवळ जाऊन पाहिलं तर कळतं की ते घडवलेले नाहीत. जसे मिळाले तसे अनघड दगड एकावर एक बसवले आणि फटींत बारीक चिपा ठोकल्या. चुना नाही, माती नाही. भिंत खाली रुंद, वर निमुळती. अशा भिंतीतून पाणी झिरपून जातं, आणि भूकंपात दगड थोडे हलतात पण सहसा ढासळत नाहीत. किल्ल्यातल्या इतर भिंती नंतरच्या. त्यांचे दगड तासून, चपखल बसवलेले दिसतात. एकाच किल्ल्यात हाताची दोन वळणं ओळखू येतात, जशी दोन घरच्या बायकांची गोधडी टाक्यावरून ओळखता येते.

या तटबंदीत एका दरवाजाजवळ एक भला मोठा दगड आहे. त्याला ‘नाचगाणं करणाऱ्या बाईचा दगड’ अशा अर्थाचं नाव आहे. सांगतात असं की, दगड इतका जड होता की ओढणारे थकून जायचे. त्यांना हुरूप यावा म्हणून दगडावर एका कलावंतिणीला उभं करून नाचायला लावलं. ही दंतकथा आहे, खरी किती ते कोण सांगणार. पण किल्ल्याच्या दगडांमध्ये एका बाईची आठवण आहे ती अशी. बाई नाचली, पुरुषांनी ओढलं, आणि दगडाला नाव पडलं, तेही तिचं स्वतःचं नव्हे.

मनोऱ्याच्या जोत्याच्या पोटात एक थंडगार तळघर आहे. ते मिठाचं कोठार होतं. समुद्रापासून लांब, डोंगरांनी वेढलेल्या मुलखात मीठ म्हणजे सोन्यासारखं. लोणची, खारवलेले मासे, बर्फाच्या दिवसांसाठी साठवायची भाजी, सगळं मिठावरच अवलंबून. किल्ल्याचं नाव घेतलं की तलवारी आठवतात, पण किल्ला जगतो तो कोठारावर, हे तिथं गेलं की समजतं.

कोठाराचा विषय निघालाच आहे तर तांदळाचंही सांगू. त्या काळात जपानात सरदाराची श्रीमंती तांदळात मोजत. माप होतं कोकु. एक कोकु म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ, एका माणसाला वर्षभर पुरेल इतका. 1643 साली आइझु मुलूख होशिना मासायुकी या सरदाराकडे आला. तो शोगुनचा, म्हणजे देशाचा कारभार पाहणाऱ्या सेनापतीचा, सावत्र भाऊ. त्याची जहागीर 230000 कोकुंची होती. हा तांदूळ कुणी पिकवला? शेतकरी कुटुंबांनी. चिखलात वाकून रोपं कुणी लावली? बायकांनी. किल्ल्याचा खर्च त्या खाचरांतून निघत होता, पण किल्ल्याच्या आत त्यांना जागा नव्हती. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

मधल्या काळात 1611 साली मोठा भूकंप झाला आणि सात मजली मनोऱ्याला धक्का बसला. पुढं काटो घराण्यानं 1639 च्या सुमारास तो पाच मजली करून नव्यानं उभारला. लाल कौलं आली ती होशिनांच्या काळात. साधं कौल पाणी पितं, थंडीत ते पाणी गोठतं आणि कौल तडकतं. म्हणून लोहाची झिलई देऊन भाजलेली लालसर कौलं तयार केली. ती पाणी पीत नाहीत आणि बर्फात टिकतात. होशिनांचं घराणं पुढं मात्सुदाइरा आडनाव लावू लागलं. सव्वादोनशे वर्षं, नऊ पिढ्या, किल्ला त्यांच्याकडे राहिला. या काळात लढाई अशी झालीच नाही.

मग आलं 1868 साल.

त्या वेळी किल्ल्याचा धनी होता मात्सुदाइरा कातामोरी. 1862 साली शोगुननं त्याला क्योतो या राजधानीचा बंदोबस्त ठेवण्याची जबाबदारी दिली होती. साइगो तानोमो नावाचा त्याचा जुना कारभारी म्हणत होता की ही जबाबदारी घेऊ नका, यात आपला मुलूख बुडेल. पण धन्यानं ती घेतली. पुढं पाच-सहा वर्षांत पारडं फिरलं. शोगुनची सत्ता गेली, दक्षिणेकडच्या सात्सुमा आणि चोशु या मुलखांच्या सरदारांनी सम्राटाच्या नावानं नवं सरकार आणलं, आणि आइझु ठरलं राजद्रोही. नवं सैन्य नव्या तोफा, नव्या बंदुका घेऊन डोंगर ओलांडून आलं.

8 ऑक्टोबर 1868 ची सकाळ. पाऊस पडत होता. शत्रू अपेक्षेपेक्षा फार लवकर गावात शिरला. धोक्याची घंटा वाजली. सामुराय घराण्यांतल्या, म्हणजे लढवय्या घराण्यांतल्या, बायकामुलांनी किल्ल्यात यावं असा हुकूम होता. घंटा ऐकून बायका निघाल्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पाठीवर म्हातारी सासू. काहीजणी वेळेत पोचल्या. काहींच्या तोंडावर दरवाजे बंद झाले. आणि काहीजणी घरातून निघाल्याच नाहीत.

न निघालेल्यांची गोष्ट सांगणं जड जातं. आपण किल्ल्यात गेलो तर लढणाऱ्यांच्या तोंडचा घास खाऊ, त्यांना ओझं होऊ, आणि बाहेर राहिलो तर शत्रूच्या हाती लागू, असं त्यांना वाटलं. लहानपणापासून त्यांना हेच शिकवलेलं होतं. साइगो तानोमो या कारभाऱ्याच्या घरात त्या दिवशी त्याची आई, बायको, बहिणी, मुली आणि नातलग मिळून एकवीस जणांनी जीव दिला. त्यांत तान्ह्या वयाच्या मुलीसुद्धा होत्या. ज्या माणसानं ही लढाई नको म्हणून सांगितलं होतं, त्याचंच घर असं रिकामं झालं. तो स्वतः मात्र जगला. साऱ्या गावात मिळून दोनशेहून अधिक बायकामुलं अशी गेली. झेन्र्यु-जी नावाच्या देवळात त्यांच्या आठवणीचा दगड आहे.

या मरणाचं पुढं फार कौतुक झालं. अब्रू राखली, घराण्याचं नाव राखलं, असं लिहिलं गेलं. आम्हाला तसं म्हणवत नाही. आम्ही एवढंच म्हणू की, आपण कुणाला तरी ओझं आहोत असं ज्यांना आयुष्यभर शिकवलं, त्यांनी शेवटच्या दिवशी ते खरं मानलं. दोष त्यांचा नव्हे, शिकवणीचा.

दरवाजा बंद झाल्यामुळं बाहेर राहिलेल्या काहीजणींनी दुसरी वाट धरली. नाकानो ताकेको ही एकवीस वर्षांची मुलगी. नागिनाता हे शस्त्र शिकवण्यात ती तरबेज होती. नागिनाता म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला वाकडं पातं. ती, तिची आई, तिची धाकटी बहीण आणि आणखी काहीजणी, सगळ्या मिळून वीसेक बायका, केस कापून एकत्र आल्या. सैन्यात घ्या म्हणाल्या. अधिकारी आधी नाही म्हणाला. लढायला बायका आणल्या असं लोक म्हणतील, याची त्याला लाज वाटत होती. शेवटी तो राजी झाला. दोन दिवसांनी एका पुलाजवळ त्या शत्रूच्या बंदुकांसमोर उभ्या राहिल्या. ताकेकोला गोळी लागली आणि ती गेली. तिचं शस्त्र आजही जवळच्या होकाइ-जी या देवळात ठेवलेलं आहे. अधिकृत फौजेत त्यांचं नाव कधी लागलं नाही. ‘बायकांची फौज’ हे नाव लोकांनी नंतर दिलं.

याच पहिल्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती जपानात सगळ्यांना माहीत आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची एक तुकडी होती, ‘पांढऱ्या वाघांची तुकडी’. लढाईत हरून त्यातली वीस मुलं इइमोरी टेकडीवर पोचली. तिथून त्यांनी किल्ल्याकडं पाहिलं तर धूरच धूर. त्यांना वाटलं किल्ला पडला, आता जगून काय करायचं. एकोणीस मुलं गेली. खरं तर जळत होती ती गावातली घरं, किल्ला उभाच होता. विसाव्या मुलात धुगधुगी होती. एका बाईला तो दिसला. तिनं त्याला उचलून नेलं आणि वाचवलं. त्याचं नाव इइनुमा सादाकिची. तो पुढं तार खात्यात नोकरीला लागला आणि 1931 सालापर्यंत जगला. टेकडीवर एकोणीस मुलांच्या समाध्या आहेत, तिथं उदबत्त्या जळत असतात. ज्या बाईनं एकाला वाचवलं, तिची गोष्ट त्यामानानं फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता किल्ल्याच्या आत जाऊ. आत पाचेक हजार माणसं कोंडलेली. त्यांत शेकडो बायका आणि मुलं. बाहेर जवळच्या टेकडीवर शत्रूनं तोफा चढवलेल्या. हा वेढा एक महिना चालला. महिनाभर या बायकांनी काय केलं ते ऐका.

त्यांनी भात शिजवला. मोठमोठ्या हंड्यांत भात रटरटायचा, आणि तो गरम असतानाच हातानं मुटके वळायचे, कारण लढणाऱ्यांना थांबायला वेळ नव्हता. पाण्यात हात बुडवायचा, भात घ्यायचा, वळायचा, पुन्हा पाण्यात हात. पोळून हाताची सालं निघायची. त्यांनी जखमी माणसांची शुश्रूषा केली. अंगावरचे चांगले कपडे फाडून पट्ट्या केल्या. त्यांनी काडतुसं भरली. आणि एक काम असं केलं की ऐकून अंगावर काटा येतो. तोफेचा गोळा आत येऊन पडला आणि लगेच फुटला नाही, की ओली गोधडी घेऊन धावायचं आणि फुटायच्या आत त्याच्यावर टाकून तो विझवायचा. वेळेत विझला तर वाचलो. नाही विझला तर संपलो. यामाकावा घरातली तोसे नावाची सून अशीच गेली.

या सगळ्याजणींच्या कामाची देखरेख तेरुहिमे करत होती. ती कातामोरीची दत्तक नात्यानं बहीण. त्याच यामाकावा घरातली आठ वर्षांची एक मुलगीही आत होती. एका कोठारातून शिशाच्या गोळ्या आणायच्या आणि तयार काडतुसं दुसऱ्या कोठारात रचायची, हे तिचं काम. आणि मधेच मोकळा वेळ मिळाला की मुलं पतंग उडवायची. आम्ही अजून खचलो नाही हे बाहेरच्यांना दिसावं म्हणून हे पतंग उडवले, असं सांगतात. पोरांना पोरांसारखं खेळू द्यावं म्हणूनही असेल.

आणि यामामोतो याए. बावीस वर्षांची. बाप तोफा-बंदुका शिकवणारा, त्यामुळं घरात बंदूक लहानपणापासून पाहिलेली. धाकटा भाऊ लढाईत मेला होता. तिनं केस कापले, भावाचे कपडे अंगात घातले, एकामागून एक गोळ्या सुटणारी अमेरिकी बंदूक खांद्याला लावली आणि किल्ल्यात आली. रात्री तटावरून लढली, दिवसा जखमींकडं पाहिलं. बापही त्याच वेढ्यात गेला.

6 नोव्हेंबर 1868 रोजी किल्ल्यानं शरणागती पत्करली. त्यासाठी पांढरं निशाण हवं होतं. पण किल्ल्यात पांढरं कापडच उरलं नव्हतं, सगळं पट्ट्यांत गेलेलं. तेव्हा बायकांनी उरलेसुरले तुकडे गोळा केले आणि ते एकमेकांना जोडून निशाण शिवलं. शिवताना सगळ्या रडत होत्या, सुई दिसत नव्हती, असं सांगतात. मैत्रिणींनो, या किल्ल्याच्या कितीतरी लढायांची वर्णनं आहेत. पण आम्हाला विचाराल तर हा एक महिना काय होता हे त्या निशाणाइतकं कशातूनच कळत नाही. कापड नव्हतं, कारण ते जखमांवर बांधलं होतं.

आता ती ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. किल्ला पडला आणि थोड्याच दिवसांत आइझुच्या खेड्यापाड्यांतले शेतकरी उठले. ते धन्याचा सूड घ्यायला उठले नाहीत. त्यांनी गावच्या पाटलांची घरं गाठली आणि जमिनीच्या, कर्जाच्या वह्या जाळल्या. सव्वादोनशे वर्षं ज्यांच्या तांदळावर किल्ला जगला, त्यांना किल्ल्यात कधी जागा नव्हती, मग किल्ल्यासाठी ते का रडतील? किल्ल्यातल्या बायकांचं दुःख खरं, आणि या शेतकऱ्यांचा रागही खरा. इतिहास सांगताना दोन्ही सांगावं लागतं.

हरलेल्यांना शिक्षा झाली. 1870 साली सुमारे सतरा हजार माणसांना जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला, तोनामी नावाच्या उजाड, थंड मुलखात पाठवलं. तिथं भात पिकत नव्हता. समुद्रातलं शेवाळ आणि रानातली मुळं खाऊन लोकांनी दिवस काढले. कितीतरी मेले. घर कसं चालवायचं, पोरांना काय घालायचं, ही लढाई त्या एका महिन्यापेक्षा लांबली, आणि तीही बहुतेक बायकांनीच लढली.

गोळ्यांनी चाळण झालेला मनोरा काही वर्षं तसाच उभा होता. त्याचे जुने फोटो आहेत. भिंतींना भगदाडं पडलेली, छपरं लोंबलेली. नव्या सरकारनं जुने किल्ले मोडायचं ठरवलं आणि 1874 साली मनोरा, वाडे, दरवाजे सगळं पाडलं. लाकूडफाटा विकला.

मग उरलं काय? जोतं, तटबंदी आणि खंदक उरले, कारण ते मोडून न्यायला फार कष्ट पडले असते. आणि तीन गोष्टी उरल्या, कारण कुणीतरी त्या वाचवल्या.

पहिली, एक छोटी चहाची खोली. तिचं नाव रिंकाकु. सेन नो रिक्यु हा जपानातला चहाचा सर्वांत मोठा गुरू. 1591 साली हिदेयोशीनं त्याला मरायला लावलं. तेव्हा उजिसातोनं गुरूचा मुलगा शोआन याला आइझुत लपवलं. त्यानं ही गवती छपराची खोली बांधली असं परंपरेनं सांगतात. पुढं शोआन क्योतोला परतला आणि चहाची ती परंपरा आजवर चालू आहे. किल्ला मोडायची वेळ आली तेव्हा गावातल्या मोरिकावा नावाच्या चहाच्या जाणकारानं ही खोली उचलून आपल्या आवारात नेली. त्या घरानं ती शंभराहून जास्त वर्षं सांभाळली. 1990 साली ती किल्ल्यातल्या मूळ जागी परत आली.

दुसरी, तीन मजली एक लाकडी वाडा. आमिदा-जी या देवळाची मुख्य इमारत लढाईत जळली होती. देवळानं हा वाडा उचलून आणला आणि कित्येक वर्षं त्यातच पूजाअर्चा केली. आजही तो तिथंच उभा आहे. बाहेरून तीन मजले दिसतात, आतून चार आहेत. किल्ल्याच्या जुन्या वाड्यांपैकी हा एकच उरला.

तिसरी, खुद्द जमीन. 1890 साली ती विकायला निघाली होती. तुकडे पडून गेली असती. आइझुच्याच सामुराय घराण्यातला एन्दो नावाचा माणूस तेव्हा सेंदाइ गावच्या बँकेत मोठ्या पदावर होता. त्यानं 2500 येन देऊन ती सगळी घेतली आणि जुन्या धन्याच्या घराण्याला अर्पण केली. म्हणून आवार एकसंध राहिलं. 1934 साली सरकारनं ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं.

पण मैत्रिणींनो, किल्ल्याचे अवशेष म्हणजे नुसते दगड-लाकूड नव्हे. त्या वेढ्यातून जी माणसं बाहेर पडली, तीही किल्ल्याचं उरलेलं धनच.

बंदूक चालवणारी याए क्योतोला भावाकडं गेली. भावाची दृष्टी गेली होती, तरी तो सरकारी सल्लागार म्हणून काम करत होता. 1872 साली तिथं मुलींची शाळा निघाली, त्यात ती शिकवू लागली. 1876 साली तिनं निइजिमा जो यांच्याशी लग्न केलं. ते दोशिशा या शिक्षणसंस्थेचे संस्थापक. नवऱ्याला नावानं हाक मारते, त्याच्या बरोबरीनं बसते, म्हणून लोकांनी तिला नावं ठेवली. तिनं लक्ष दिलं नाही. नवरा गेल्यावर ती रेडक्रॉसमध्ये परिचारिका झाली आणि पुढच्या दोन युद्धांत जखमींची सेवा केली. किल्ल्यात जे काम महिनाभर केलं होतं, ते आता शिकून-सवरून केलं. सरकारनं तिचा पदक देऊन गौरव केला. 1932 साली, 86 व्या वर्षी ती वारली.

आणि काडतुसं रचणारी ती आठ वर्षांची मुलगी. अकरा वर्षांची असताना, 1871 साली, सरकारनं शिकायला अमेरिकेला पाठवलेल्या पाच मुलींत ती होती. निघताना आईनं तिचं नाव बदलून सुतेमात्सु ठेवलं. त्याचा अर्थ, टाकून दिली आणि वाट पाहते. अकरा वर्षांनी, 1882 साली, ती पदवी घेऊन परतली. कॉलेजची पदवी मिळवणारी ती पहिली जपानी बाई. मग तिला मागणी आली ती ओयामा इवाओ या सेनापतीची. किल्ल्यावर चालून आलेल्या सैन्यात हाच माणूस तोफखान्याचा अधिकारी होता. घरच्यांना हे कसं रुचणार? भावानं आधी साफ नकार दिला. ती म्हणाली, आधी मला त्यांच्याशी बोलू द्या. बोलली, ओळख करून घेतली, आणि 1883 साली लग्न केलं. पुढच्या वर्षी तिनं मोठ्या घरच्या बायकांना जमवून विक्रीचा बाजार भरवला आणि आलेला पैसा परिचारिकांच्या शाळेसाठी दिला. तिची मैत्रीण त्सुदा उमेको हिनं 1900 साली मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली, तिच्याही पाठीशी ती उभी राहिली.

1965 साली गावानं मनोरा पुन्हा बांधला. कौलं मात्र तेव्हा काळी बसवली होती. ती बदलून जुन्यासारखी लाल केली 2011 च्या मार्चमध्ये. त्याच महिन्यात फुकुशिमाच्या किनाऱ्यावर भूकंप, त्सुनामी आणि अणुवीज केंद्राचा अपघात असं तिहेरी संकट आलं. केंद्राजवळच्या ओकुमा गावाच्या लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. त्यांच्या गावाची कचेरी हलवून आणली ती आइझु-वाकामात्सुलाच. एकेकाळी ज्या गावच्या माणसांना हाकलून दिलं होतं, त्या गावानं दुसऱ्यांना आसरा दिला.

तर असा हा सारसाचा किल्ला. त्याच्या मरणाच्या गोष्टी दगडांवर कोरलेल्या आहेत आणि त्या कोराव्यातच. पण भात शिजवणाऱ्या, गोळे विझवणाऱ्या, तुकडे जोडून निशाण शिवणाऱ्या हातांपैकी फार थोड्यांची नावं आपल्याला कळतात. त्यांना ‘ओझं’ म्हणून शिकवलं होतं, आणि महिनाभर किल्ला त्यांच्यामुळंच तगला.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. आपल्या गावात जुना वाडा, विहीर, देऊळ, बांध असं काही असेल, तर ते कुणी बांधलं एवढंच विचारू नका. तिथं पाणी कुणी भरलं, दळण कुणी दळलं, संकटात गाव कुणी जेवू घातलं, हेही म्हाताऱ्या बायकांना विचारा. जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, त्यांच्या नावासकट.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.